शेवटचं दीड पान

त्रैमासिकाचा अंक आला तेव्हा रॅपरचा एक कोपरा ओलीनं फुगला होता. पोस्टमननं फाटकातूनच हाक मारली, “गुरुजी, वरून भिजलंय जरासं, आतून कोरडं हाय.” पाकीट न उघडता त्याला हे कसं कळलं, ते विचारण्यात अर्थ नाही. कित्येक वर्षं हीच गल्ली करतोय, हातात धरलं की कळत असेल. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याची जी दैना केली, त्यानंतर आमच्याकडं कुठलीही वस्तू हातात आली की माणूस आधी ती दाबून बघतो. सोयाबीनचं पोतं, गादी, घराची भिंत. मी अंकही तसाच दाबून बघितला. आतून कोरडा होता.

मागचा अंक आलाच नव्हता. संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, “पाठवला होता. थांबा, दुसरा पाठवतो.” मग माझंच मला ओशाळल्यासारखं झालं, कारण दुसरा पाठवायचा म्हणजे त्यांच्या खिशातून. पूर्वी रजिस्टर बुक पोस्टानं अंक जायचे, थोड्या पैशात जायचे आणि पोचायचे. ती सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मग २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टात मिळवून टाकलं. पेपरात ही बातमी मी चहा पिता पिता वाचली आणि पुढच्या पानावर गेलो. तिचा अर्थ मागचा अंक हरवला तेव्हा कळला. शंभर रुपयांचा अंक खात्रीनं पोचवायचा तर टपालाचा खर्च किती करायचा, हा हिशोब हे एकटे गृहस्थ दर तिमाहीला घालतात आणि शेवटी साध्या टपालावर आणि देवावर हवाला ठेवतात.

अंक फक्त कथांचा. ११२ पानं, म्हणजे सोळा पानांचे सात फॉर्म. कथाही सातच. हा योगायोग मला उगाचच आवडला. कविता नाही, पुस्तक-परीक्षण नाही, कुणाची मुलाखत नाही, कुणाला श्रद्धांजली नाही. संपादकीय एक पान, तेही पुरं भरलेलं नाही. मुखपृष्ठावर काळ्या शाईनं काढलेली एक रिकामी बाज, सुंभ सैल पडलेलं. नवीन अंकाला जो वास येतो, तो या खेपेला जरा कुबट होता, पण त्याला प्रेसवाल्याचा इलाज नाही.

नवा अंक वाचायची माझी पद्धत फारशी सभ्य नाही. आधी अनुक्रमणिका काढतो आणि तिच्यातही कथांची नावं वाचत नाही, माणसांची वाचतो. कोण आलं, कोण गळलं, कोण पुन्हा आलं. यात वाचकाची उत्सुकता थोडी आणि जळकुकडेपणा जास्त, हे कबूल करून टाकतो. बोट चौथ्या नावावर थांबलं. हा पोरगा माझ्या वर्गात होता. आठवी ब, खिडकीच्या बाजूची रांग.

आता तो पोरगा म्हणजे दोन लेकरांचा बाप आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. उतारे, दाखले, पीकविमा, केवायसी, जे काही यंत्रातून निघतं आणि यंत्रात जातं ते सगळं त्याच्या हातून. लाइट असली आणि रेंज असली तर गावाचं सरकार चालतं, नाहीतर त्याच्या दारात रांग बसून राहते. त्याच यंत्रावर तो कथा लिहितो. गेल्या दीड वर्षात त्याचे मला तीन फोन आले, तिन्ही एकाच कथेबद्दल.

“सर, परत आली.”

पहिल्यांदा आवाज पडलेला होता. दुसऱ्यांदा चिडलेला. तिसऱ्यांदा मात्र तो खुशीत वाटला. मी म्हटलं, अरे परत आली आणि हसतोस काय? तर म्हणाला, “सर, या खेपेला दोनच ओळींचं पत्र हाय. पहिल्या खेपेला चार पानांचं होतं.”

ते चार पानांचं पत्र त्यानं मला दाखवलंय. संपादकांचं अक्षर बारीक, उजवीकडं झुकलेलं. कथा अशी, की अतिवृष्टीच्या अनुदानासाठी एक म्हातारी केवायसी करायला येते. उभा जन्म कापूस वेचण्यात, खुरपण्यात गेलेला, अंगठ्यावरच्या रेषा झिजून सपाट झालेल्या. यंत्र अंगठा घेत नाही. पडद्यावर पुन्हा पुन्हा येतं, ‘पुन्हा प्रयत्न करा’. संपादकांनी लिहिलं होतं: तुमच्या कथेत यंत्र सात वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. मी मोजलं. चौथ्या वेळेपासून मला म्हातारी दिसेनाशी झाली, नुसतं यंत्र दिसू लागलं. तीनदाच ठेवून बघा. आणि तिसऱ्यांदा म्हातारी काय करते, हे तुम्ही अजून नीट बघितलेलं नाही.

मला हे पत्र वाचून पोराचा आनंद वगैरे झाला नाही. मला माझं पत्र आठवलं.

१९९४ साली मी एक कथा लिहिली होती. तेव्हा नोकरी एका आडगावी, एसटी दिवसातून दोनदा, संध्याकाळी कंदील. कथा आणखी एका अंकाकडं पाठवली होती, त्याचं नाव आता नको. महिन्यानं तीच माझी तावं परत आली, सोबत मी स्वतःचा पत्ता लिहून जोडलेलं पाकीट वापरून. आत चिठ्ठी. ‘साभार परत’ एवढंच असतं तर मी ते पचवलं असतं, तेवढी तयारी सगळ्यांचीच असते. पण खाली पेन्सिलीनं एक ओळ होती: शेवटचं दीड पान काढून पाहा.

ते दीड पान मला सगळ्यात प्रिय होतं. त्यात मी गावाचं, माणसाचं, काळाचं सगळं सार काढलं होतं. मला वाटलं, या माणसाला कथा कळलीच नाही. मी दीड पान काढलं नाही, कथा पुन्हा पाठवली नाही आणि पुढं लिहिलंही नाही. हे मी इतक्या वर्षांत लोकांना वेगळं सांगत आलो. नोकरी, संसार, बदल्या, वेळ कुठं मिळतो. वेळ होता. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. आणि त्याच वर्षांत मी वर्गात मुलांच्या निबंधांवर लाल पेननं लिहीत होतो, ‘शेवट पाल्हाळिक’.

आमच्या आजीची गोष्ट संपायची ती ठरलेल्या वाक्यानं: ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. लहानपणी आम्ही हे वाक्य म्हणजे आता झोपा अशी सूचना समजायचो. पुढं शिकवायला लागलो तेव्हाही ते एक ठरीव वाक्य म्हणूनच शिकवलं. त्यातला हिशोब मला पोराचं पत्र वाचताना दिसला. कहाणी साठ उत्तरांची आहे, सांगितली मात्र पाच उत्तरांत. पंचावन्न कुठं गेली? आजीनं गिळली. सोमवारची, शुक्रवारची, पिठोरीची कहाणी सांगणाऱ्या कितीतरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गिळली. आणि गोष्ट उणी पडली असं कुणी म्हणत नाही, ‘सुफळ संपूर्ण’ म्हणतात.

आता इथं पैठणची गोष्ट सांगायला पाहिजे. आपल्या भागाला तिचा अभिमान असायला हवा, पण तो कुणी बाळगताना दिसत नाही. आपण पैठण म्हटलं की नाथ, पैठणी आणि जायकवाडी एवढ्यावर थांबतो. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. अकराव्या शतकात काश्मीरमधल्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात ही हकीकत येते. राजा सातवाहन राण्यांसोबत पाण्यात खेळत असतो. एक राणी संस्कृतात म्हणते, ‘मोदकैः ताडय’. म्हणजे मा उदकैः, पाण्यानं मारू नका. राजाचं संस्कृत कच्चं, तो मोदक मागवतो. राणी हसते, राजाला ते लागतं. दरबारातला गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. दुसरा पंडित म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य पैजेवर बोलून बसतो की हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. दुसऱ्याला जमतं. गुणाढ्य मुका होऊन रानात जातो. तिथं त्याला चौथी भाषा मिळते, पैशाची. तिच्यात तो सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची कथा लिहितो. शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. शिष्य ती राजाकडं घेऊन जातात. राजा म्हणतो, सात लाख! भाषा पिशाचांची! आणि अक्षरं रक्तानं लिहिलेली! घेऊन जा.

साभार परत. तेही साभार होतं की नाही शंकाच.

मग गुणाढ्य टेकडीवर जाळ करतो आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकतो. ऐकायला हरणं, डुकरं, पाखरं गोळा होतात. चरायचं विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहतात. इकडं राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, सुकं मांस खाण्यात आलं. मुदपाकखान्यात चौकशी होते, पारधी सांगतात की रानातली जनावरं काही खाईनाशी झालीत, एक माणूस त्यांना काहीतरी वाचून दाखवतोय. राजा धावत जातो. तोवर सहा लाख जळून गेलेले असतात. उरतात एक लाख. तीही शिष्यांना आवडली म्हणून मागं ठेवलेली एकच कथा.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आणि दरवेळी पोरं राजावर चिडली. मीही राजावर चिडायचो. आता वाटतं, राजाचा गुन्हा परत पाठवण्यात नव्हता. त्यानं वाचली नव्हती. भाषा बघितली, लांबी बघितली, शाई बघितली, बस. संपादकांनी पोराच्या कथेतली ‘पुन्हा प्रयत्न करा’ मोजली होती.

अर्थात परत पाठवण्याला मी उगाच सोवळं नेसवत नाही. मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी जो पत्रव्यवहार करायचे, दुरुस्त्या सुचवायचे, त्याचं कौतुक मराठीत अजून चालतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ मध्ये लघुअनियतकालिकवाल्या, म्हणजे छोटे, अनियमित अंक काढणाऱ्या तरुणांनी होळी केली होती, हेही तितकंच खरं. दारात कोण उभं आहे यावरून आत कोण येणार हे ठरतं. आणि काही माणसांची भाषा, काही माणसांचं जगणं वर्षानुवर्षं त्या दारातून परत जात होतं. त्याच दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं. तिथून किती जणांना पहिल्यांदा छापील नाव मिळालं, याचा हिशोब मराठवाड्यातल्या कुठल्याही दलित लेखकाला विचारावा. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. आमच्या पिढीला ते फक्त रद्दीत आणि ग्रंथालयाच्या बांधीव खंडांत भेटलं.

आता अंकाकडं येतो. पहिली कथा बावीस पानांची आहे आणि ती मला आवडली नाही. नवरा-बायको, फ्लॅट, बाल्कनी, न बोललेलं काहीतरी. ते न बोललेलं काय, हे शेवटपर्यंत लेखकालाही कळलेलं नाही असं वाटतं. दुसरी आणि तिसरी दुष्काळाच्या आहेत. तिसरी चांगली लिहिलेली आहे, कोपीत बाळंत होणारी ऊसतोड बाई आणि बाहेर मुकादमाची बैलगाड्यांची घाई, हे दृश्य डोक्यातून जात नाही. पण मला एक गोष्ट मोकळेपणानं बोलून टाकायची आहे. मराठवाड्यातून कथा आली की तिच्यात फास, कर्ज, कोरडी विहीर असायलाच पाहिजे, असं बाहेरच्या वाचकाला वाटतं आणि हळूहळू आम्हालाही तसंच वाटू लागलंय. भास्कर चंदनशिवांनी ‘लाल चिखल’ लिहिली तेव्हा बाजारात टोमॅटो तुडवणारा तो बाप मराठी कथेत नवा होता. तो त्यांनी बघितलेला होता. आता त्या चिखलातून दरवर्षी मळलेल्या पायवाटेनं लोक जातात. इथं माणसं हसतात, लबाडी करतात, लग्नाला उसना कोट घालून जातात, उरूसात पाळण्यात बसून घाबरतात. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हकच्या उरूसाला येऊन बघावं. कथेत मात्र आम्ही सगळे सुतकात.

म्हणून पाचवी कथा वाचून फार बरं वाटलं. परभणीतलाच एक पोरगा, एमपीएससीची तयारी करणारा, अभ्यासिकेत चार वर्षं काढलेला. घरी खोटंच सांगून बसतो की परीक्षा निघाली. गावात बॅनर लागतो, सत्काराची तारीख ठरते. तो बॅनर उतरवायला स्वतःच रात्री शिडी घेऊन जातो आणि शिडीवर असताना त्याला चौकातले म्हातारे हार घालतात. ही कथा वाचताना मी दोनदा मोठ्यानं हसलो. दुसऱ्यांदा हसताना घशात काहीतरी अडकलं, ते वेगळं.

सहावी कथा नांदेडच्या एका घड्याळजीची. त्यातले संवाद निखळ दखनीत आहेत. ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’. खाली तळटीप नाही, कंसात अर्थ नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ती लागत नाही, आणि बाहेरच्यानं दोन पानं कळ काढली तर त्यालाही लागणार नाही. संपादकांनी ती भाषा तशीच ठेवली याबद्दल त्यांना एक नारळ. एकच तक्रार, घड्याळजीचं दुकान सोळा पानांत तीनदा वेगवेगळ्या बाजूला जातं. एकदा ते रस्त्याच्या डाव्या हाताला आहे, मग उजव्या. दुकान हलवलं असेल तर तसं सांगावं.

छपाईच्या चुका आहेत. ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा र पार वाहून गेलाय, सगळीकडं ‘दुसया’ आणि ‘तिसया’. लेखक पाठवतात युनिकोडात, लावणारा बसतो जुन्या फाँटात, आणि मधल्या वळणावर मराठीचा हा र पडतो. खिळे जुळवणाऱ्यांच्या काळातही चुका व्हायच्या, पण त्या माणसाच्या चुका होत्या, त्यांच्यामागचं लक्ष कुठं भरकटलं ते कळायचं.

हे असले अंक चालतात कसे, हा प्रश्न मला लोक विचारतात, जणू मीच चालवतो. चालत नाहीत, ढकलले जातात. दिवाळीत सगळीकडं अंकांचा सुकाळ असतो. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे आणि तिच्यामुळं मराठी कथा टिकली, यात वाद नाही. पण दिवाळी अंकात कथा पाहुणी येते, चिवड्याबरोबर, राशिभविष्याच्या शेजारी बसते. बाकीचे अकरा महिने तिनं राहायचं कुठं? मधली काही वर्षं तर आमच्याकडच्या वाङ्मयीन नियतकालिकांत कथा शोधून काढावी लागायची. विद्यापीठ अनुदान आयोगाची ती ‘केअर’ यादी आली होती. प्राध्यापकांना बढतीसाठी यादीतल्या अंकात लेख हवा, मग अंकांना तीनतीनशे पानांचं बाळसं आलं, सगळे शोधनिबंध, सगळ्यांना उद्दिष्टे, गृहीतके आणि निष्कर्ष. त्या गर्दीत एखादी कथा असली तर ती लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखी अवघडून उभी. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगानं ती यादीच बंद केली. काही अंक त्यानंतर एकदम रोडावले. आमच्या या संपादकांनी कधी शोधनिबंध घेतले नाहीत, त्यामुळं त्यांचा अंक आधीही बारीकच होता आणि आताही आहे.

परभणीत राहून कथेबद्दल लिहायचं आणि बी. रघुनाथांचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. त्यांच्या नावाचं सभागृह गावात आहे, तिथं लग्नाच्या मुहूर्तांसारखे कार्यक्रम होतात. मला मात्र त्यांची कचेरी आठवते. म्हणजे बघितलेली नाही, मनात धरलेली. सातोन्याचा माणूस, जन्म १९१३ चा. निजामाच्या राज्यात, जिथं सरकारी कारभार उर्दूत, तिथं बांधकाम खात्यात नोकरी आणि घरी मराठीत कथा, कविता, कादंबऱ्या. ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’, ‘काळी राधा’. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. त्यानंतर जेमतेम पाच वर्षांनी, ७ सप्टेंबर १९५३ ला, वयाच्या चाळिशीत, कचेरीत काम करतानाच ते गेले. मला नेहमी वाटतं, टेबलावर त्या वेळी सरकारी कागद कोणता होता? आणि खणात? आमचा ग्रामपंचायतीतला पोरगा तोच खण आता डेस्कटॉपवर ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यानं मला दाखवलंय. शेजारी ‘घरकुल यादी अंतिम’, ‘घरकुल यादी अंतिम २’ आणि ‘घरकुल यादी खरंच अंतिम’.

त्याची कथा मी शेवटी ठेवली होती. मुद्दाम. दुपारी बायको ओसरीत सुपात जवारी घेऊन बसली होती. माझ्या डोळ्यांना ते बारीक अक्षर थोडा वेळच सोसतं, आणि आवाज अजून शाळेचाच आहे, म्हणून म्हटलं, ऐकतेस का. ती म्हणाली, “वाचा. माझे हात काय ऐकायला लागत नाहीत.”

मी वाचू लागलो. ग्रामपंचायतीचं दार, रांग, म्हातारी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार. पहिल्यांदा अंगठा. ‘पुन्हा प्रयत्न करा’. सूप चालू होतं. दुसऱ्यांदा अंगठा. मागचा माणूस म्हणतो, म्हातारे सर बाजूला. इथं सुपाचा आवाज थांबला. मी वर बघितलं नाही, बघितलं असतं तर पुन्हा सुरू झाला असता. तिसऱ्यांदा. म्हातारी अंगठा पदराला पुसते. नीट, सावकाश, जसं लेकराचं तोंड पुसावं तसं.

“पुसल का ती पदराला?” बायको म्हणाली.

मी म्हटलं, लिहिलंय तसं.

“पदराला पुसून आणखीन कोरडं व्हतंय की. ती डोक्याला पुसल. केसात घोळसल अंगठा. तेल लागलं बोटाला म्हंजे उमटतंय.”

तुला कसं माहीत, मी विचारलं.

“मायच्या निराधारच्या पैशाला बँकेत कोण जात होतं? तुम्ही जात होते?”

मी जात नव्हतो. मी शाळेत होतो. आणि मी जर तिथं असतो तरी मला ते दिसलं असतं का, याची खात्री नाही. तो पोरगा रोज पन्नास अंगठे घेतो. त्यालाही दिसलं नाही. संपादकांनी चार पानं लिहून त्याला तिसऱ्या वेळेपर्यंत आणून सोडलं, तिथून पुढं तेही जाऊ शकले नाहीत, त्यांनी पदर मान्य केला. तिघांनी मिळून म्हातारी बघितली आणि तिघेही पुरुष. ही बसल्या जागेवरून, सुपातले खडे निवडता निवडता बोलली. मग तिनं सूप हलवलं आणि म्हणाली, “वाचा पुढं. मरत तर नाही ना ती?”

मरत नाही. मी सांगितलं आणि वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या पोस्टात गेलो. हे फोनवर सांगायचं काम नव्हतं, पत्रानं आलेल्या कथेला पत्रच पाहिजे. खिडकीतल्या पोरीला पोस्टकार्ड मागितलं. तिनं आधी माझ्याकडं, मग खणात बघितलं. पन्नास पैसे किंमत. मी एक रुपया दिला. “काका, पन्नास पैसे कुठून आणू? दोन घ्या.” दोन घेतली.

तिथंच उभ्यानं, सुतळीनं बांधलेल्या पेननं लिहिलं. अंक मिळाला, आतून कोरडा. पाचव्या कथेला शाबासकी. सहाव्या कथेतलं दुकान एका जागी ठेवावं. चौथ्या कथेत म्हातारी अंगठा पदराला पुसणार नाही, डोक्याला पुसेल. केसात तेल असतं. हे मत माझं नाही, घरातून आलेलं आहे. पुस्तक निघेल तेव्हा लेखकानं दुरुस्त करावं. कार्ड पेटीत टाकलं तेव्हा आत ते पडल्याचा आवाज आला, म्हणजे पेटी रिकामी असावी.

दुसरं कार्ड घरी आणलं आणि ठेवायला कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात ती फाइल होती, कापडी नाडीची. आतली तावं पिवळी पडलेली, पेन्सिलीची ओळ मात्र अजून स्पष्ट. शेवटची दोन तावं सोडवायला गेलो तर टाचणी गंजून कागदाशी एकजीव झालेली. ओढली तसा कोपऱ्याचा तुकडा तिच्यासोबत आला.

“हे काय काढून बसलेत आता?” बायकोनं विचारलं.

म्हटलं, वाचून दाखवतो. तू जवारी घे.

“किती पानं हैत?”

“साडेअकरा होती. दहा राहिली.”